अर्थ न कळणारा वाचक

मृत समुद्राच्या काठी एन-गेदी इथे १९७० मध्ये उत्खनन सुरू असताना एका जळालेल्या प्राचीन सिनेगॉगमध्ये, धर्मग्रंथ ठेवण्याच्या कोनाड्यापाशी, कोळसा झालेली चर्मपत्राची गुंडाळी सापडली. उलगडायला जावे तर भुगा होणार, म्हणून चार दशकांहून अधिक काळ ती तशीच पडून राहिली. पुढे तिचा मायक्रो-सीटी स्कॅन झाला आणि अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाच्या ब्रेंट सील्स यांच्या गटाने संगणकातच तिचा एकेक थर सुटा करून सपाट केला. चर्मपत्राहून दाट दिसणारी शाई ठिपक्याठिपक्यांनी उजळली आणि हिब्रू अक्षरे उमटली. २०१६ मध्ये जाहीर झालेला तो मजकूर ‘लेवीय’ या ग्रंथाच्या पहिल्या दोन अध्यायांतला होता. आगीत सापडलेल्या त्या गुंडाळीत होमार्पणाचेच नियम लिहिलेले होते.

गुंडाळीला कोणी हात लावला नाही, ती उघडलीही नाही, आणि ज्या यंत्राने अक्षरे शोधली त्याला हिब्रूचा गंधही नव्हता. मग ग्रंथ वाचला कोणी? आणि ज्याला अर्थ कळत नाही, त्याच्या वाचनाला धर्मग्रंथाच्या बाबतीत किती वजन द्यायचे?

ज्यू परंपरेला हा प्रश्न नवा नाही. ‘लेवीय’ ज्यात येतो त्या तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी हातानेच लिहावी लागते. तिच्यात ३,०४,८०५ अक्षरे मानली जातात आणि एक अक्षर जरी गळले तरी ती दुरुस्त होईपर्यंत धार्मिक वाचनाला चालत नाही. एखाद्या अक्षराचा आकार शंकास्पद असेल तर काय करायचे, याची तोड तालमूद या ज्यू धर्मचर्चांच्या ग्रंथात आहे. ते अक्षर एका लहान मुलाला दाखवायचे. मूल फार हुशार नको आणि अगदी मंदही नको. मंद मुलाला अक्षर ओळखता येणार नाही आणि हुशार मूल मागचापुढचा संदर्भ लावून ‘इथे काय असायला हवे’ ते सांगेल. हवे असते ते फक्त ‘काय दिसते आहे’ एवढेच. मुलाचा अधिकारही तेवढ्यापुरताच. अर्थ लावणे हे पंडितांचे काम.

गेल्या काही दशकांत या मुलाशेजारी संगणक येऊन बसला आहे. लेखनिकाने लिहिलेली गुंडाळी स्कॅन करून गळलेली किंवा जास्तीची अक्षरे शोधण्याचे काम आज संगणकाकडून करून घेतात. माणसाची नजर ओळखीच्या वाक्यावरून घसरते, यंत्राची घसरत नाही. तरीही गुंडाळी लिहिण्याचा अधिकार हाताचाच राहिला.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठाने २०२१ मध्ये केलेले काम याच जातीचे. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांतून मिळालेली, यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथाची मोठी गुंडाळी ५४ स्तंभांची आहे. ‘आलेफ’ या एका अक्षराच्या हजारो नमुन्यांची वळणे संगणकाने ताडून पाहिली आणि सत्ताविसाव्या स्तंभाच्या सुमारास लिहिणारा हात बदलला असावा, असा निष्कर्ष निघाला. यशयाचा ग्रंथ एकाहून अधिक जणांनी रचला, असे अभ्यासक फार पूर्वीपासून म्हणतात. पण ते सांधा मानतात चाळिसाव्या अध्यायापाशी, तर हात बदलतो तेहतिसाव्यानंतर. नकलाकार किती होते हे यंत्राने सांगितले. ती वाणी किती जणांची, की श्रद्धावंत मानतात तशी एका ईश्वराची, हा प्रश्न होता तिथेच राहिला.

इथवर यंत्र तालमूदमधल्या त्या मध्यम मुलासारखे वागले. आता मात्र हुशार मूल आले आहे. २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलेली ‘इथाका’ ही प्रणाली तुटलेल्या ग्रीक शिलालेखांतली गळलेली अक्षरे संदर्भावरून भरते. चाचणीत एकट्या इतिहासकारांची अचूकता २५ टक्के होती, एकट्या ‘इथाका’ची ६२ टक्के, आणि दोघांनी मिळून काम केल्यावर ती ७२ टक्क्यांवर गेली. आकडे थक्क करणारे आहेत. पण ही प्रणाली जे भरते ते ‘दिसलेले’ नसते, ‘संभवणारे’ असते.

इथेच पाठचिकित्सेच्या जुन्या शिस्तीशी तिची गाठ पडते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती शेकडो हस्तलिखिते ओळीओळीने ताडून. वि. स. सुखटणकरांसारखे संपादक एक नियम पाळत: दोन पाठांपैकी अवघड पाठ बहुधा जुना, कारण नकलाकार अवघड शब्द सोपा करतो, सोपा मुद्दाम अवघड करत नाही. सभापर्वाचे संपादक फ्रँकलिन एजर्टन यांनी वस्त्रहरणाच्या प्रसंगातला द्रौपदीचा कृष्णधावा मूळ पाठातून काढून तळाशी नेला. भक्ताला तिथे तोच अपेक्षित असतो, आणि कीर्तनात तो आजही रंगतो. संभाव्यतेवर चालणारे यंत्र नेमके अपेक्षिताकडे झुकते. संपादकाला अनपेक्षिताची राखण करायची असते.

म्हणून यंत्र नाकारायचे असे नाही. शुद्ध पाठ कोणता, हा वाद मराठीतही जुनाच आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये वेगळी, जुन्या वळणाची प्रत छापली. शुद्ध कोणती, या प्रश्नाला दोन उत्तरे तेव्हापासून शेजारीशेजारी नांदत आहेत. उद्या पोथ्यांचे वाचन यंत्राकडे जाईल तेव्हा पोथीचे छायाचित्र, यंत्राला दिसलेले अक्षर, यंत्राने अंदाजाने भरलेले अक्षर आणि संपादकाचा निर्णय, या चार गोष्टी वेगवेगळ्या नोंदवून वाचकांसाठी खुल्या ठेवण्याचा दंडक मराठी संस्थांनी आजच घालून घ्यावा. एकदा का चारही एकाच ओळीत मिसळल्या, की त्या पुन्हा वेगळ्या करणे कोणालाही जमणार नाही.