गळ्यात माळ, गुडघ्याला चरबी

तुळशीची माळ घातलेला मनुष्य मांस खात नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु तोच मनुष्य गुडघा धरला की घोरपडीचे तेल किंवा रानडुकराची चरबी शोधू लागतो. “बुवा, पोटात कुठं जातंय? वरून तर चोळायचं!” असे आम्हांस पनवेलच्या बाजूस पुष्कळांनी विचारले आहे. त्याचा विचार केला पाहिजे.

शिकारीच्या मांसाला चव नाही, असे आम्ही म्हणणार नाही. कंदमुळे उकरून, रानोमाळ धावून जगणाऱ्या जनावराचे मांस घट्ट नि रुचकर लागते, असे खाणारे सांगतात. चरकसंहितेनेही जांगल प्राण्यांचे मांस हलके म्हटले आहे. तूप, तेल, वसा आणि मज्जा असे चार स्नेह तेथे सांगितले. वसा म्हणजे चरबी. ती जखमेवर, मोडलेल्या हाडावर, कान-डोक्याच्या दुखण्यावर सांगितली आहे. तेव्हा शास्त्रात नाहीच, असे खोटे बोलून धर्म राखता येत नाही. पण त्याच ग्रंथात चौघांत तूप उत्तम आणि तेलांत तिळाचे तेल श्रेष्ठ, असेही आहे. ते कोमट करून चोळावे. घोरपडीचा जीव कशाला घ्यावा?

कोणी म्हणेल, मारतो तो कातकरी, पाप त्याचे. खैराचा कात काढणे हा त्या मंडळींचा पिढीजात धंदा. त्यावरूनच त्यांचे नाव पडले. धंदा गेला, कित्येकांच्या वाट्याला वीटभट्टी आली. उंदीर, घोरपड त्यांनी भुकेपोटी खाल्ली. पुढे १९६८ साली कर्नाळ्याला पक्षी अभयारण्य झाले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपड मारणे नि विकणे गुन्हा ठरले. आता मारणारा सापडला तर तुरुंगात जातो, आणि ज्याच्यासाठी मारली तो गिऱ्हाईक घरी हरिपाठ म्हणत बसतो! हा कुठला न्याय?

महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध डुकराचे मांस विकी. स्वतः मारीत नसे, खातही नसे. तरी आपले कर्म घोर आहे, हे त्याने कौशिक ब्राह्मणापासून झाकले नाही. म्हणून तो ब्राह्मण त्याच्यापुढे बसून धर्म शिकला. आपण मात्र “वरून चोळतो” एवढ्या शब्दाआड लपतो.

सज्जनहो, माळ गळ्यात असली तरी तिचा नेम जिभेपुरता नाही, सर्वांगाचा आहे. आपल्या गुडघ्यासाठी दुसऱ्याच्या हातून जीव घ्यायला लावू नये, मग कातकऱ्याकडे बोट दाखवायची वेळ येत नाही.

रामकृष्ण हरि.