छाटणी

बाग म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें पाणी घालणारा हात उभा राहतो. कात्री धरलेला हात सहसा कोणास आठवत नाहीं. परंतु ज्यानें चार झाडें स्वतः वाढविलीं आहेत, त्यास हें ठाऊक असतें कीं, पाणी घालण्यास केवळ प्रेम पुरतें. छाटण्यास प्रेमाखेरीज आणखी कांहींतरी लागतें. तें काय, हा प्रश्न माझ्या अंगणांतील एका गुलाबानें तीन वर्षें मजपुढें उभा केला होता.

हा गुलाब माझ्या आईनें लावलेला. पावसाळा सरून दसरा झाला, कीं ती त्याच्या बुंध्याची माती बाजूस करी, मुळांस आठ दिवस ऊन दाखवी, जुन्या फांद्या कापी आणि शेणखत घालून आळें पुन्हां भरी. पुढें दीड-दोन महिन्यांनीं, थंडी पडूं लागली म्हणजे, झाड फुलांनीं लवून जाई. आई गेली, आणि मीं त्या झाडास कात्री लावणें बंद केलें. तिच्या हाताचा स्पर्श ज्या फांद्यांस झाला, त्या मीं कशा कापाव्या? माझ्या लेखीं ही मातृभक्ति होती.

तिची खोलीही मीं तशीच ठेविली होती. बहिणीनें एकदां आईची एक इरकली साडी मागितली, तेव्हां “येथली काडीही हलणार नाहीं,” असें मीं तिला सुनावलें. ती कांहीं बोलली नाहीं. परंतु त्यानंतर माहेरीं राहावयास म्हणून आली नाहीं.

तीन वर्षांत झाड भिंतीहून उंच गेलें. खालून तें उघडें पडलें. फुलें येत तीं चार-दोन, शेंड्याला, आणि खुरटलेलीं. एका बाजूची एक फांदी मात्र मोठ्या जोमानें वाढत होती, आणि तिच्याकडे पाहून मी समाधान मानीत होतों.

गेल्या ऑक्टोबरांत एक वृद्ध माळी बागेच्या कामास आला. त्यानें त्या फांदीवरून बोट फिरवीत फिरवीत तें जमिनीपाशीं नेलें आणि म्हणाला, “दादा, हा गुलाब नव्हे. हा खालचा जंगली आहे.” डोळा भरून केलेल्या कलमांत खुंट एका जातीचा असतो आणि वरचा डोळा दुसऱ्या जातीचा. सांध्याखालून जो कोंब फुटतो, तो खुंटाचा. तो अन्नरस स्वतःकडे ओढतो, भराभर वाढतो, आणि वेळीं काढला नाहीं तर वरचें कलम हळूहळू मरून जातें.

मीं त्यास म्हटलें, “कापूं नका. आईच्या हातचें झाड आहे.” त्यानें क्षणभर माझ्याकडे पाहिलें. “बाई तर दर वर्षाला कापायच्या. तुम्ही कापत नाहीं. मग त्यांचं राखलंत काय?”

मजजवळ उत्तर नव्हतें. आईचें शोकस्मरण म्हणून जें मीं वाढविलें, त्याच्याही सांध्याखालून एक कोंब फुटला होता. तो कोंब म्हणजे माझ्या दुःखाचा मला वाटणारा अभिमान. दुःख खरें होतें. परंतु त्याचा रस हा अभिमान पीत होता. जोमानें वाढतें तें सर्व आपलेंच असतें, असें नाहीं.

मग सारेंच कापून टाकावें काय? त्यागाची थोरवी आपल्याकडे इतकी गायिली गेली आहे कीं, जितकें अधिक टाकावें तितकें अधिक पुण्य, असा समज सहज होतो. परंतु नाशिककडील द्राक्षबागाईतदाराची रीत पाहावी. तो वेलीची छाटणी वर्षांतून दोनदां करितो. एप्रिलांतील खरड छाटणीनंतर नव्या काड्या वाढतात आणि त्यांच्या डोळ्यांत पुढल्या घडाचें बीज धरतें. ऑक्टोबरांतील फळछाटणीच्या वेळीं ते घड बाहेरून दिसत नाहींत. म्हणून हल्लीं कित्येक बागाईतदार आधीं काडीचे डोळे सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून घेतात आणि मगच कोठें कापावयाचें तें ठरवितात. फळाच्या डोळ्याखालीं काप गेला, तर कात्रीबरोबर घडही जातो. तेव्हां छाटण्यास प्रेमाखेरीज जें लागतें, तें काळजाचा कठोरपणा नव्हे. राखण्याजोगा डोळा कोणता, याची ओळख होय.

आणि ही ओळख स्वतःची स्वतःस होणें कठीण. वेलीस निदान माळी असतो. मनुष्य स्वतःच झाड आणि स्वतःच माळी. त्याची नजर आपल्या शेंड्याकडे असते, सांध्याकडे नसते. म्हणून मधून मधून परक्या बोटानें दाखविलेलें पाहून घेण्याइतकें मन नम्र असावें.

माळ्यानें तो जंगली कोंब मुळापासून उपटून काढला. बाकीच्या फांद्या मीं माझ्या हातानें कापल्या. त्या संध्याकाळीं बहिणीस दूरध्वनि करून म्हटलें, “ये. आईची खोली उघडूं.”

ती डिसेंबरांत आली. इरकली साडी तिनें उचलली, आणि पुष्कळ वेळ मांडीवर घेऊन बसली. गुलाबास त्या वर्षीं फुलें बेताचींच आलीं. पण तीं हाताला येतील इतक्या उंचीवर होतीं. आणि जातांना एक तिनें केसांत माळलें.