भीतीदायक बीव्हर

अमेरिकेत टेक्ससमध्ये राहणारा स्कॉट कॉथन एकट्यानं व्हिडिओ गेम बनवायचा. ख्रिस्ती धार्मिक कथांवरचे, मुलांसाठीचे. फारसे चालत नसत. 2013 मध्ये त्यानं लाकडाचा धंदा करणाऱ्या बीव्हर बापलेकांचा गोंडस गेम काढला. म्हणजे त्याला तरी तो गोंडस वाटत होता! टीकाकार म्हणाले, ही पात्रं यंत्रावर हलणाऱ्या बाहुल्यांसारखी दिसतात, बघून भीती वाटते.

माणूस पार खचला. हा नाद सोडायच्याच बेतात होता. टीका झोंबली, कारण ती अचूक होती. नुसती कुचकी असती तर तिच्यातून पुढचं काही निघालं नसतं. मग त्याच्या मनात आलं, नकळत इतकी भीती वाटते, तर मुद्दाम घाबरवलं तर?

ऑगस्ट 2014 मध्ये ‘फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज’ आला. पिझ्झाच्या हॉटेलात रात्रपाळीचा पहारेकरी, समोर कॅमेऱ्यांची दृश्यं, संपत चाललेली वीज आणि जागा बदलणाऱ्या यांत्रिक बाहुल्या. पहारेकऱ्याला खोली सोडता येत नाही, सगळी भीती त्यातच. एकट्याला झेपेल एवढाच पसारा ठेवायचा, हाही हिशेब त्यामागे असावा असं मला आपलं वाटतं. पुढे त्याचे अनेक भाग निघाले आणि 2023 मध्ये चित्रपटही आला.