जीर्णोद्धार आणि उसने नाव

तर्कशास्त्राच्या तासाला प्लुटार्कने सांगितलेले थीसियसच्या जहाजाचे कोडे विद्यार्थ्यांपुढे मांडण्याचा आमचा प्रघात बऱ्याच वर्षांचा आहे. अथेन्सच्या लोकांनी त्या वीराचे जहाज जपून ठेवले. फळी कुजली म्हणजे ती काढून तेथे नवी बसविली. आणि होता होता जुनी अशी एकही फळी उरली नाही. मग ते जहाज थीसियसचे म्हणावे की म्हणू नये? मुले या प्रश्नात घटकाभर रमतात आणि घंटा झाली की जहाज तेथेच टाकून निघून जातात. परंतु गेल्या पावसाळ्यात एका विद्यार्थिनीने ते टाकले नाही. तिच्या वडिलांची सारी नोकरी विमानांच्या दुरुस्तीत गेलेली. ती म्हणाली, "सर, फळ्या बदलल्या तरी जहाज तेच होते. पण आपल्या हवाई दलाने एका विमानावर दुसऱ्याच विमानाचा क्रमांक घातला आहे. ते खोटे नाही का?"

उत्तर उद्या देतो, असे सांगून आम्ही सुटका करून घेतली. तो उद्या लांबत लांबत येथवर आला.

तिने विचारले ते विमान म्हणजे 'परशुराम' नावाचे डाकोटा. १९४४ साली बांधलेले हे विमान महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या सेवेत होते. पुढे ते नागरी कंपन्यांच्या हातांतून फिरले. ब्रिटनच्या नोंदवहीत जी-एएमएसव्ही या अक्षरांनी ओळखले गेले. आणि अखेर मोडीत निघण्याच्या बेतास आले. २०११ साली राजीव चंद्रशेखर यांनी ते विकत घेतले. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर हे डाकोटाचे वैमानिक होते. पुत्राने पित्याच्या नावे करावयाच्या दानांची आपल्याकडे मोठी यादी आहे, तीत विमान नव्हते. तेही आता आले! इंग्लंडात कोव्हेंट्री येथून निघून, फ्रान्स, इटली, ग्रीस, जॉर्डन, सौदी अरेबिया, बहारीन, ओमान असे मुक्काम करीत ते २०१८ च्या एप्रिलात जामनगरला उतरले आणि मे महिन्यात हिंडन येथे हवाई दलात रीतसर दाखल झाले. त्यावर क्रमांक रंगविला तो व्हीपी ९०५. हा क्रमांक २७ ऑक्टोबर १९४७ रोजी पहिल्या शीख पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरलेल्या डाकोटाचा. ते विमान निराळे आणि हे निराळे. यात कोणी काही लपविलेले नाही. तथापि लपविले नाही एवढ्याने खोट्याचे खरे होत नाही, असा त्या मुलीचा आक्षेप होता, आणि तो आम्हांस हलका वाटला नाही.

नागपूरकराला डाकोटाविषयी तटस्थपणे विचार करणे जड जाते, हे आधीच कबूल केले पाहिजे. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीच्या टपालाची विमाने येथे येऊ लागली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही दिशांनी रात्री विमाने निघत. मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई. आणि उजाडण्यापूर्वी ती आपापल्या ठिकाणी परतत. आरंभीच्या काळात हे काम डाकोटांनी केले. युद्धासाठी सहस्रावधी बांधलेली ही विमाने युद्ध संपताच स्वस्तात विकली गेली होती, आणि शस्त्रे वाहिलेल्या त्या पोटांतून आता लग्नपत्रिका आणि व्यापाऱ्यांच्या हुंड्या जाऊ लागल्या. आमचे वडील त्या वेळी शाळकरी होते. उन्हाळ्यात गच्चीवर निजलेली मुले आवाजावरून हे मुंबईचे, हे कलकत्त्याचे अशा पैजा लावीत. पैज कोण जिंकले हे कसे ठरवीत, असे आम्ही एकदा विचारले, तेव्हा त्यांच्यापाशी उत्तर नव्हते.

परंतु त्याच सोनेगावाहून उडालेले एक डाकोटा १२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे कोसळले. वैमानिक तेवढा वाचला. उतारू सारे गेले. गच्चीवरच्या आठवणी सांगताना वडील ही आठवण सांगत नसत. ती आम्हांस पुढे वाचनात कळली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आमच्या घरी आजोबांचे लंबकाचे घड्याळ आहे. त्याची कमान दोनदा बदलली, तबकडी एकदा, आणि काच किती वेळा फुटली याची गणती नाही. आमच्या मातोश्री अजून त्यास 'मामंजींचे घड्याळ' म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे कोणी खोटे ठरवीत नाही. मिलिंद राजाला नागसेनाने जे सांगितले ते हेच. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे. सारे मिळून व्यवहारात जे नाव चालते तो रथ. देवळांच्या बाबतीत तर आपण याहून पुढे गेलो आहो. वेरूळच्या घृष्णेश्वराचा अहल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केला. तेथे जाणारा यात्रेकरू दगड कोणत्या शतकातला हे विचारून मग हात जोडतो असे नाही. जागा तीच, पूजा तीच, म्हणून देऊळ तेच.

मात्र परशुरामाची गोष्ट घड्याळाची नाही आणि देवळाचीही नाही. तेथे अवयव बदलले आणि नाव टिकले. येथे सगळा देहच दुसरा आणि नाव आणून ठेवलेले. आजोबांचे घड्याळ हरवले म्हणून बाजारातून त्याच बनावटीचे दुसरे आणून त्यास 'मामंजींचे' म्हटले तर मातोश्री ते ऐकून घेणार नाहीत. म्हणजे मुलीचा आक्षेप नागसेनाच्या रथात बसून टळत नाही.

नातवाला आजोबाचे नाव ठेवतात, तसे हे आहे, असे आम्ही प्रथम मनाशी म्हटले. नातू म्हणजे आजोबा असा दावा त्यात नसतो. नाव पुढे चालावे एवढाच हेतू असतो. हा दृष्टांत आम्हांस दोन-तीन दिवस पुरला. मग लिबरेटरची हकीकत पुन्हा वाचनात आली आणि तो अपुरा पडला.

ती हकीकत अशी. महायुद्ध संपले तेव्हा ब्रिटिशांकडील लिबरेटर जातीची चार इंजिनांची अमेरिकन बाँबफेकी विमाने कानपूरच्या चकेरी तळावर गोळा करण्यात आली. उसनवारीच्या करारान्वये ती अमेरिकेस परत तरी करावयाची होती किंवा नष्ट तरी. तेव्हा ती तेथेच निकामी करण्यात आली. यंत्रे फोडली, इंजिनांत वाळू ओतली. पुढे देश स्वतंत्र झाला, काश्मीरचे युद्ध उद्भवले, आणि आपल्या हवाई दलापाशी जड बाँबफेकी विमान एकही नव्हते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली बंगलोरला उभारलेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्या मोडीत हात घातला. एकाचे चाक दुसऱ्याला, दुसऱ्याचे इंजिन तिसऱ्याला असे जुळवून एकेक विमान कसेबसे उडण्याजोगे करीत, आणि जमशेद कैकोबाद मुन्शी नावाचा वैमानिक ते कानपूरहून बंगलोरला नेई. तेथे त्याची पुरी डागडुजी होई. अशी चाळीसहून अधिक विमाने तयार झाली. नकाशावर कानपूर आणि बंगलोर यांना जोडणारी सरळ रेघ ओढून पाहावी. ती नागपुरावरून जाते. नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांवर पाचवी स्क्वाड्रन उभी राहिली; पुढे सहावी स्क्वाड्रन पुण्याहून हीच विमाने घेऊन समुद्रावर पहारा करीत असे. १९६८ पर्यंत, म्हणजे जगातील इतर हवाई दलांनी ती सोडून दिल्यावरही, ती आपल्याकडे उडत होती. दुसऱ्याने जाणूनबुजून मारलेले यंत्र वीस वर्षे जगविणे हा आम्ही तरी मोठा पुरुषार्थ समजतो. त्यात स्मारकाची भावना लेशमात्र नव्हती, निव्वळ गरज होती.

त्यांपैकी एक विमान ब्रिटनमार्गे अमेरिकेस गेले. कॉलिंग्ज फाउंडेशन या संस्थेने ते पाच वर्षे खपून दुरुस्त केले आणि १९८९ साली ते पुन्हा उडाले. त्यावर रंग आणि नावे चढली ती युद्धातील अमेरिकन पथकांची. त्यांतील एक 'विचक्राफ्ट', म्हणजे आपल्या भाषेत चेटूक, हे १३० मोहिमा केलेल्या एका निराळ्याच लिबरेटरचे. कानपूरचा कारखाना, मुन्शींचे धाडस, हवाई दलातील वर्षे, यांतले अंगावर काही राहिले नाही. हे वाचताच आमच्या मनात पहिली भावना आली ती संतापाची. आमच्या कारागिरांनी ज्यास पुनर्जन्म दिला त्याच्या अंगावरून आमचे नाव पुसता?

आणि दुसऱ्याच क्षणी परशुराम आठवला. मध्यपूर्वेत युद्धात राबलेले, पुढे नाना कंपन्यांचे मालवाहू झालेले ते विमान. त्याचेही सत्तर वर्षांचे स्वतःचे आयुष्य होते. त्यावर आपण आपला क्रमांक घातला तेव्हा कोव्हेंट्रीच्या एखाद्या म्हाताऱ्या यंत्रज्ञास असेच वाटले नसेल कशावरून? तेथे लूट आणि येथे श्रद्धांजली, असे म्हणण्याचा मोह आम्हांस झाला होता. पण तो न्याय नव्हे.

तेव्हा आमच्या मते दोष नाव उसने घेण्यात नाही, नाव घेताना ज्याच्या देहावर ते घातले त्याची जन्मपत्रिका जाळण्यात आहे. परशुरामाची कथा सांगताना श्रीनगर सांगावे, अवश्य सांगावे. पण कोव्हेंट्री आणि ती ब्रिटिश अक्षरेही तितक्याच मोकळेपणाने सांगावीत, मुलांच्या सहलीला नेऊन सांगावीत. २०२२ च्या प्रजासत्ताक दिनी हे विमान दिल्लीच्या आकाशात टांगाइलच्या १९७१ मधील छत्रीधारी उडीचे स्मरण म्हणून दोन डॉर्निअर विमानांच्या सोबतीने उडाले. एकाच देहाने श्रीनगर आणि टांगाइल अशी दोन सोंगे वठवावी, हे आम्हांस वावगे वाटत नाही. रंगभूमीवर एक नट दोन भूमिका करतोच. फक्त जाहिरातीत नटाचे नाव छापलेले असावे.

उडविण्याविषयी मात्र आमचे मन इतके निवांत नाही. संग्रहालयात ठेवले तर काय बिघडले, असे पुष्कळ समंजस लोक विचारतात. त्याच कॉलिंग्ज संस्थेचे 'नाइन-ओ-नाइन' नावाचे दुसरे एक बाँबफेकी विमान, तेही दुसऱ्याच विमानाचे नाव धारण केलेले, २ ऑक्टोबर २०१९ रोजी कनेक्टिकटमध्ये कोसळले. सात जण दगावले. त्यांतील पाच जण पैसे भरून बसलेले उतारू होते. चौकशीत वैमानिकाच्या चुकीबरोबर देखभालीतील हयगयही उघड झाली. १२ नोव्हेंबर २०२२ रोजी डॅलसच्या प्रदर्शनात महायुद्धातील दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि सहा जण गेले. १९५३ साली सोनेगावाहून निघालेले उतारू कामासाठी प्रवास करीत होते. त्यांच्यापुढे निवड थोडी होती. आठवणीसाठी, मौजेसाठी तिकीट लावून लोकांस जुन्या यंत्रात बसविणे ही निराळी गोष्ट. वैमानिकाने आणि यंत्रज्ञाने जाणून स्वतःचा जीव पणास लावावा, तो त्यांचा अधिकार. उताऱ्याचा जीव त्या डावात घालू नये. परशुरामाने तिकिटे विकावीत असे कोणी उद्या सुचविले तर आमचा विरोध राहील.

पण म्हणून उडविणेच बंद करावे काय? या ठिकाणी आम्ही आपली मती बाजूस ठेवून त्या मुलीच्या वडिलांकडे गेलो. निवृत्त मनुष्य, मितभाषी. आम्ही तत्त्वज्ञानाचे बोलत होतो आणि ते चहा गाळत होते. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. डाकोटाच्या इंजिनात चौदा सिलिंडरे वर्तुळात बसविलेली असतात. इंजिन थांबून राहिले की तेल निथळून खालच्या सिलिंडरांत साचते. तसेच चालू केले तर आतला दांडा वाकतो. म्हणून आधी पंख्याचे पाते हाताने ओढून इंजिन फिरवावे लागते, सावकाश. आणि कोठे अडले तर जोर करावयाचा नाही, थांबावयाचे. "किती जोर म्हणजे जोर, हे कागदावर लिहिता येत नाही, सर," ते म्हणाले. "ते पात्याला हात लावून शिकावे लागते, आणि शिकविणाऱ्याने शेजारी उभे राहावे लागते."

काचेआड ठेवलेल्या विमानाचे पाते कोणी ओढीत नाही. लिबरेटर पुण्याच्या तळावर उडत होती तोवर तिला चालविणारे हात होते. ती थांबली आणि ते हातही थांबले. डाकोटासाठी असे काही हात आज तयार होत आहेत. हे ज्ञान वाचविण्यासाठी किती धोका पत्करावा, याचे माप आमच्यापाशी नाही. काही धोका पत्करावा, एवढे मात्र त्या चहाच्या बैठकीनंतर पटले.

निघताना आम्ही त्यांस विचारले, क्रमांकाविषयी तुमचे काय मत? ते म्हणाले, आमच्या कामात प्रत्येक विमानाची एक वही असते. कोणता भाग कधी काढला, कोठला बसविला, कोणी सही केली, सारे तीत असते. "बाहेर काय रंगविले ते रंगाऱ्याचे काम. आम्ही वही पाहतो."

मुलीस हे आम्ही दुसऱ्या दिवशी सांगितले. ती म्हणाली, "बाबा घरीही असेच बोलतात. पण सर, वही कोणाला वाचायला मिळते?"