देवळाआधीचे देव

चंद्रपूरच्या लालपेठेत देव उघड्यावर आहेत. एकेका दगडातून घडवलेल्या अवाढव्य मूर्ती: दशमुखी दुर्गा, गणपती, नंदी, मारुती, मत्स्य, कूर्म. रायप्पा कोमटी नावाच्या धनिकाने मोठ्या देवळासाठी त्या घडवून घेतल्या, पण देऊळ उभं राहण्याआधीच तो गेला, असं सांगतात. आज हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संरक्षित स्मारक आहे.

सुट्टीच्या दिवशी मित्रमंडळी इथे आली की पहिला पेच पायांपाशीच पडतो. चपला काढायच्या की नाही? एक जण सवयीने काढतो. दुसरा दहा तोंडं बघून ‘हा तर रावण!’ म्हणत मोबाइल काढतो. तिसरी हात जोडते आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघते.

शास्त्राचं उत्तर सरळ आहे. प्राणप्रतिष्ठा नाही तोवर मूर्ती म्हणजे शिल्प. घरच्या गणपतीलाही तोच नियम: चतुर्थीला आवाहन, निरोपाआधी उत्तरपूजा, मग उरते ती माती. या हिशेबाने लालपेठेत देव आलेच नाहीत. घर सजलं, पाहुण्याला आमंत्रण द्यायचं राहून गेलं. आणि आता ते देणंही सोपं नाही. स्मारक संरक्षणात घेताना पूजा चालू असेल तर ती चालू राहते, नसेल तर नव्याने सुरू करता येत नाही, अशी पुरातत्त्व खात्याची रीत आहे. भटजी तयार असून भागत नाही, दिल्लीही तयार लागते.

पण हा हिशेब जरा जास्तच नेटका आहे.

चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंड्याला वैनगंगेकाठच्या मंदिरावर पूर्वी वीज कोसळली, शिखर ढासळलं. अलीकडे दुरुस्तीसाठी मुख्य मंदिराचे दगड उतरवले आणि काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. जीर्णोद्धाराच्या काळात मूर्तीतलं देवत्व कलशात काढून ठेवायची सोय शास्त्रात आहे. ते इथे झालं का, असं महाशिवरात्रीला येणारी बाई विचारत बसत नाही. ती नदीत बुडी मारते, बेल वाहते, जत्रेत बांगड्या भरते. तिच्यापुरता देव जागेवर आहे.

एटापल्लीकडच्या माडिया आदिवासींना तर हा प्रश्नच पडत नाही. सुरजागडच्या डोंगरावर त्यांचा ठाकूरदेव. जानेवारीत यात्रा भरते. त्या देवाला डोंगरापासून वेगळं काढून संग्रहालयात मांडता येणार नाही. पण त्याच डोंगरात लोहखनिज आहे, आणि तिथे देव आहे की नाही हे ठरवणाऱ्याच्या शब्दाला पैशांत मोजता येईल असं वजन येतं. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीचा असाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा 2013 साली न्यायालयाने पंडितांना विचारलं नाही. खाणीमुळे तिथल्या देवपूजेला बाध येतो का, हे ग्रामसभांनी पाहावं, असं सांगितलं. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली.

सुरजागडला अनेक ग्रामसभांचा विरोध असूनही खाण चालू आहे.