क्रूसाखाली टाकलेली चिठ्ठी



प्रभू येशूला क्रूसावर खिळल्यानंतर शिपायांनी त्याची वस्त्रे वाटून घेतली. अंगरखा मात्र बिनशिवणीचा, अखंड विणलेला होता. तो फाडण्याऐवजी त्यांनी त्यावर चिठ्ठ्या टाकल्या. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायातील हा प्रसंग आपण दर शुभ शुक्रवारी ऐकतो. जगाच्या तारणाची घटका आली होती आणि तारणाऱ्यापासून हातभर अंतरावर असलेली ही माणसे खाली मान घालून निकाल बघत होती. चिठ्ठी कोणाची निघाली? जिंकणाऱ्याचे नाव शुभवर्तमानात कोठेही नाही.

चिठ्ठी हा शब्द आपल्या भोर-वेल्ह्यात नवा नाही. कोणाच्या खिशात मटक्याच्या आकड्याची चिठ्ठी असते, तर कोणाच्या खिशात पुण्याच्या रेसकोर्सवरचे तिकीट. स्वारगेटला एसटीतून उतरले की रेसकोर्स फार लांब नाही, आणि पुण्यातील रेसचा हंगाम पावसाळ्यातला. भाताची लावणी उरकून हात जरा मोकळे होतात तेव्हाचा. घोडे धावून गेले तरी निकाल लगेच पक्का होत नाही. जॉकींचे वजन होते, कोणाची हरकत असल्यास ती ऐकली जाते आणि मग निकाल जाहीर होतो. तोवर तिकीट फाडायचे नाही, हे मुरलेल्या माणसाला ठाऊक असते. तो कागद मुठीत धरून उभा राहतो. नजर फलकावर, ओठ हलत असतात. ही एक प्रकारची प्रार्थनाच आहे. पण ती कोणाला केलेली आहे? परमेश्वराला विसरून दैवाच्या देवतेपुढे ताट मांडणाऱ्यांना यशया संदेष्ट्याने पासष्टाव्या अध्यायात खडसावले आहे. ते ताट आज कागदाचे झाले, एवढाच फरक.

चिठ्ठी लागली तर पैसे येतात कोठून, याचाही विचार आपण करावा. रेसकोर्सच्या टोटवर सर्वांनी लावलेले पैसे एकत्र केले जातात. त्यातून सरकारचा कर आणि क्लबचा वाटा आधी काढून घेतात आणि उरलेली रक्कम जिंकलेल्या तिकिटांवर वाटतात. म्हणजे सर्व खेळणाऱ्यांचा एकत्र हिशेब मांडला तर तो नेहमी तोट्याचाच निघतो. मटक्याची गोष्ट वेगळी नाही. न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर मुंबईत लोक पैसे लावत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तेथूनच आले. पुढे १९६०च्या दशकात मडक्यातून चिठ्ठ्या काढल्या जाऊ लागल्या आणि ‘मटका’ हे नाव रूढ झाले. त्याचे मोठे गिऱ्हाईक होते गिरणी कामगार. त्यांच्यात घाटावरून पोटासाठी गेलेले कितीतरी होते. मनीऑर्डरने गावी यायचा तो पैसा टपरीवरच्या आकड्यावर गेला, की गावाकडच्या चुलीला त्याची झळ बसे.

यावर कोणी म्हणेल, “फादर, शेती तरी काय, जुगारच की! पाऊस आला तर आला.” हे खरे, की शेतकरीही अनिश्चिततेवर विसंबून बी पेरतो. पण दोन्हींत मोठा फरक आहे. एकाच्या खाचरात भात चांगले आले, म्हणून शेजाऱ्याचे भात जळत नाही. उलट आपण सावडीने एकमेकांच्या रानात लावणीला उभे राहतो. चिठ्ठीत मात्र माझ्या हाती येणारा प्रत्येक रुपया दुसऱ्या कोणाच्या तरी घरातून येतो. शेतकरी आभाळाकडे बघतो तेव्हा सर्वांसाठी पाऊस मागतो. चिठ्ठीवाल्याला इतरांच्या हरण्यावाचून गत्यंतर नसते.

अवचित मिळालेल्या धनाची गोष्ट तर आपल्याच मातीतली आहे. तोरण्याच्या दुरुस्तीच्या वेळी शिवाजी महाराजांना धन सापडले आणि ते राजगडाच्या बांधकामाला लावले गेले, असे इतिहासात सांगतात. वेल्हे तालुक्याला आज त्या राजगडाचेच नाव मिळाले आहे. सापडलेले धन रयतेच्या रक्षणासाठी खर्ची पडले, म्हणून त्याची आठवण राहिली.

चिठ्ठी मुळातच पाप आहे काय? तसे ख्रिस्तसभा शिकवत नाही. यहूदाच्या जागी प्रेषित निवडताना शिष्यांनी प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थियाची निवड झाली. कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथातील २४१३वा परिच्छेद सांगतो, की पैजा आणि नशिबाचे खेळ स्वतःहून अन्यायाचे नाहीत. पण माणसाला स्वतःच्या व इतरांच्या गरजा भागवण्यासाठी जे लागते ते त्यांच्यामुळे हिरावले गेले, तर ते नीतीला धरून राहत नाहीत. आणि खेळाचा नाद माणसाला गुलाम करू शकतो. म्हणून सणाच्या दिवशी सोडतीचे एक कूपन घेणे वेगळे आणि मुलाच्या फीचे पैसे आकड्यावर लावणे वेगळे. तरीही सोडत ठेवताना आपणही सावध असावे. ज्याला परवडत नाही, त्याच्या गळ्यात कूपनांचे पुस्तक बांधू नये.

गुलामी कशी येते? फ्रेंच तत्त्वज्ञ ब्लेझ पास्कल (१६२३-१६६२) यांनी ते अचूक ओळखले होते. ते म्हणतात, की जुगाऱ्याला तो जिंकू शकेल तेवढी रक्कम रोज सकाळी द्या, पण खेळू नको म्हणून सांगा. तो दुःखी होईल. त्याला पैशांशिवाय खेळायला सांगा, तो कंटाळेल. म्हणजे त्याला नुसता पैसा नको असतो आणि नुसता खेळही नको असतो. त्याला स्वतःपासून दूर जायचे असते. म्हणूनच लागलेली चिठ्ठी न लागलेल्या चिठ्ठीपेक्षा घातक ठरते. लागलेला आकडा गावभर सांगितला जातो. न लागलेल्यांची वही कोणी ठेवत नाही. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ साली कायद्याने बंदी आली, पण मनातली ओढ कायद्याने जात नाही.

तेव्हा या आठवड्यात आपण तीन गोष्टी करू या. ज्यांना हा नाद आहे, त्यांनी प्रत्येक चिठ्ठीचे पैसे, लागले-न लागले, महिनाभर वहीत लिहावेत आणि ती वही घरच्या माणसाला दाखवावी. घरच्यांनी चारचौघांत पाणउतारा करू नये, आणि उसनवारी गुपचूप फेडून नादावर पांघरूणही घालू नये. जुगाराचे व्यसन हा वैद्यकशास्त्राने मान्य केलेला आजार आहे. त्यासाठी टेली मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. आणि प्रायश्चित्त संस्काराचे दार उघडेच आहे. तिसरी गोष्ट आपणां सर्वांसाठी: प्रभूने शिकवलेली प्रार्थना सावकाश म्हणू या. तिच्यात आपण आजची भाकर मागतो, उद्याचे घबाड मागत नाही; आणि ‘मला’ न म्हणता ‘आम्हांला’ म्हणतो.

क्रूसाखाली आणखी एक माणूस होता. तोही रोमी सैन्यातलाच, शताधिपती. संत मार्क सांगतात, की तो येशूच्या समोर उभा होता आणि त्याला प्राण सोडताना पाहून त्याने देवाचा पुत्र ओळखला. जागा तीच, दिवस तोच. एकाला अंगरखा मिळाला, तो कधीच विरून गेला. दुसऱ्याने मान वर केली, त्याची साक्ष आपण आजही वाचतो.

मान वर करण्याची कृपा प्रभू आपणां सर्वांना देवो. आमेन.