कोणी पाहत नसताना दिलेली साक्ष

पळस फुलू लागला की थंडी सरते. पैनगंगेवरील इसापूर धरणाच्या पाण्यावर आणि आपल्या भागातील लहानमोठ्या तलावांवर हिवाळा काढायला आलेली बदके याच दिवसांत उत्तरेची वाट धरतात. आज दिसलेला चक्रवाक उद्या दिसेलच असे नाही. म्हणून पक्षी पाहण्याची आवड असलेली माणसे फेब्रुवारी-मार्चमध्ये भल्या पहाटे पाण्याकाठी जाऊन बसतात.

याच फेब्रुवारीत चार दिवसांची एक पक्षीगणना होते. १९९८ साली अमेरिकेत ती सुरू झाली आणि २०१३ पासून भारतातील लोकही तीत भाग घेतात. त्यासाठी पदवी लागत नाही की पैसे लागत नाहीत. निदान पंधरा मिनिटे पक्षी पाहायचे, कोणता पक्षी किती दिसला ते लिहायचे आणि यादी पाठवायची. शाळेतला मुलगाही हे करू शकतो.

येथेच एक प्रश्न उभा राहतो. तलावाकाठी आपण एकटेच आहोत. सात चक्रवाक दिसले आणि आपण वीस लिहिले, तर कोणाला कळणार? पक्षी तर उडून गेले. यात कोणाचे पैसे बुडाले नाहीत, कोणाची बदनामी झाली नाही. मग कोणाचे काय बिघडले?

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात घडलेल्या एका घटनेत सापडते.

रानपिंगळा हे एक लहान घुबड आहे. जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने १८८४ साली खानदेशात त्याचे नमुने गोळा केले. त्यानंतर हा पक्षी खात्रीने कोणालाच दिसला नाही. नोंद होती ती एकच. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित पक्षीतज्ज्ञाने १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे आपल्याला रानपिंगळा मिळाल्याचे सांगितले होते. पुरावा म्हणून पेंढा भरलेला पक्षीही होता. एवढ्या मोठ्या माणसावर अविश्वास कोण दाखवणार? ती नोंद खरी मानली गेली. १९६७ साली ते वारले, तेव्हाही त्यांचा लौकिक मोठाच होता.

पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या अभ्यासकांनी तो नमुना बारकाईने तपासला. तेव्हा उघड झाले की तो डेव्हिडसनने मिळवलेलाच पक्षी होता. संग्रहालयातून चोरून, त्यात नव्याने भरण करून त्याला खोटी चिठ्ठी लावलेली होती. मांडवीचा पत्ता खोटा ठरला. मग रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या, खऱ्या नोंदींच्या जागा धरून शोध घेतला. नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ, त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! पुढे तो मेळघाटातही आढळला.

एका चिठ्ठीवरच्या खोट्या ओळीने कितीतरी वर्षे चुकीचा पत्ता दाखवला. डेव्हिडसनच्या साध्या, खऱ्या नोंदीने शंभर वर्षांनंतरही वाट दाखवली. ‘कोणाचे काय बिघडले?’ असे आपण म्हणतो तेव्हा समोरच्या माणसांपुरतेच पाहतो. ज्यांचे बिघडते ती माणसे पुष्कळदा अजून जन्मालाही आलेली नसतात.

कोणी म्हणेल, “पण हेतू चांगला असेल तर? जास्त पक्षी लिहिले तर तलाव राखला जाईल, पाण्यात कचरा टाकणे थांबेल.” हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण चांगली माणसेच तो घेतात. पण थोडा विचार करू या. गेल्या वर्षी खरोखरच वीस चक्रवाक होते आणि यंदा सातच उरले असतील, तर आपल्या खोट्या विसाने तलावाचे दुखणेच झाकले जाईल. ज्याच्या भल्यासाठी आपण खोटे बोललो, त्याच्याच हाकेवर आपण पांघरूण घातले.

आपण शेतकरी माणसे हे चांगले जाणतो. अतिवृष्टीनंतर पंचनामा होतो. ज्याचे पीक उभे आहे त्याने नुकसान लिहून घेतले, तर पुढच्या खेपेला ज्याचे खरोखर वाहून गेले त्याच्या शब्दावरही संशय येतो. खोटी साक्ष एकाची असते, पण पत सगळ्या गावाची जाते. म्हणूनच खोट्या साक्षीची मनाई दहा आज्ञांत आहे. ती केवळ कोर्टाच्या पिंजऱ्यापुरती आहे असे आम्हाला वाटत नाही.

मात्र चुकणे वेगळे आणि खोटे बोलणे वेगळे. बदकांच्या माद्या दुरून सारख्याच दिसतात. जाणत्यांचीही गफलत होते. अशा वेळी ‘बदक, जात ओळखता आली नाही’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. आपल्याला किती ठाऊक आहे आणि कुठे ठाऊक नाही, हे सांगणे हाही सत्याचाच भाग आहे. तासभर बसून चक्रवाक दिसला नाही, तर ‘दिसला नाही’ हीसुद्धा मोलाची साक्ष आहे.

पक्षी पाहण्याने पोट भरत नाही, हे खरे. पण जिथे लाभ नाही, भीती नाही आणि तपासणारा कोणी नाही, तिथे खरे बोलण्याची सवय त्यातून लागते. ही सवय बाजारात, साक्षीत आणि घरात उपयोगी पडते. यंदा मुलांना घेऊन जवळच्या तलावावर जावे. सोबत वही-पेन्सिल असू द्यावी. मुलाने सात मोजले तर सातच लिहू द्यावे.